शब्दचर्चा : ‘चालू होत नाही’ आणि ‘बूट होत नाही’

परवा मिरजेहून मावशीचा फोन आला. “अरे, कॉम्प्युटर चालूच होत नाही. गेला वाटतं.”

“पुढचा दिवा लागतोय?”
“लागतोय.”
“पंखा?”
“फिरतोय की, आवाज येतोय.”
“पडद्यावर काही दिसतंय?”
“काळ्यावर पांढरी अक्षरं आहेत. पण चालू कुठं होतंय!”

एकेक अक्षर वाचून घेतलं. निघालं ‘नो बूटेबल डिव्हाइस’. म्हणजे मशीन चालू झालं होतं, बूट होत नव्हतं.

मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे आणि ‘चालू होत नाही’ हे वाक्य दिवसभर ऐकतो. त्याच्या पोटात तीन निराळी दुखणी असतात. वीजच आत पोचत नाही, त्याला आम्ही ‘डेड’ म्हणतो. वीज आहे पण पडदा काळाच, तो ‘डिस्प्ले नाही’. तेव्हा बहुतेक वेळा रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरीची पट्टी, काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवली की काम होतं. आणि डिस्प्ले आहे पण विंडोज सापडत नाही, तेव्हा ‘बूट होत नाही’. ही तीन वाक्यं घराघरांत रुळावीत असं मला मनापासून वाटतं. माणूस नीट बोलला तर बरीचशी तपासणी फोनवरच होते.

म्हणून विचारतो, ‘बूट होणे’ला मराठी शब्द शोधावा का? मूळ शब्द पायातल्या बुटाचाच आहे. बूट चढवताना बोट अडकवून ओढायला मागे जी पट्टी असते, तिला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलायचं, ही तिकडची अशक्य गोष्टीची म्हण. संगणकापुढे पेच तोच होता. प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्राम लागतो, मग पहिल्याला कोण आणणार? वीज गेली तरी पुसली जात नाही अशा चिपमध्ये तो पहिला प्रोग्राम ठेवून हा पेच सोडवला.

प्रतिसाद :
तुमची म्हण वाचून संस्कृतातला नटबटू आठवला. कितीही तयारीचा डोंबारी असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, असा दाखला तर्कचर्चेत देतात. कल्पना हुबेहूब तीच! त्यावरून शब्द घडवणं मात्र जड जाईल. मी ‘जागं होणे’ सुचवते. ‘मशीन जागं होत नाही’ हे मावशींनाही लगेच कळेल.

प्रतिसाद :
‘जागं होणे’ गोड आहे, पण ती जागा भरलेली आहे. मशीन ‘स्लीप’मध्ये जातं आणि त्यातून जागं होतं. तेव्हा ते बूट होत नसतं, रॅममधलं काम जसंच्या तसं पुढे चालू करतं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ‘चालू होत नाही’चाच घोटाळा पुन्हा होईल.

असाच घोटाळा ‘बंद करणे’चा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शटडाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं मुळापासून करतं. ‘काल बंद करून लावलं तरी तसंच’ असं कोणी म्हणालं की मी आधी ‘रीस्टार्ट केलं का?’ हेच विचारतो. बायोसमध्ये, म्हणजे चिपमधल्या त्या पहिल्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, जाता येत नाही ही तक्रारही पुष्कळदा त्यामुळेच. एफ२ किंवा डिलीट दाबायला पापणी लवेपर्यंतचाच वेळ मिळतो. अशा वेळी शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ला क्लिक करावं, ‘ट्रबलशूट’मध्ये ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ सापडतं. पण डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर आत काही बदलण्याआधी ते उघडणारी रिकव्हरी की हाताशी ठेवा. नंतर तीच मागितली जाते.

प्रतिसाद :
‘बायोस’ हा शब्दही आता ढिला झालाय. संगणकतज्ज्ञ गॅरी किल्डॉल यांनी तो सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी १९७० च्या दशकात वापरात आणला, १९८१ च्या आयबीएम पीसीमुळे तो सगळीकडे गेला. आजच्या मशीनमध्ये त्याच्या जागी असतं ते यूईएफआय. त्याचे नियम ठरवणारा फोरम २००५ चा. तरी निळ्या-काळ्या पडद्याला सगळे बायोसच म्हणतात आणि बोलताना ते चालून जातं. विंडोज टाकताना मात्र चालत नाही, कारण ‘लेगसी’, म्हणजे जुन्या बायोसच्या, पद्धतीने टाकलेलं विंडोज, मशीनचा बूट मोड यूईएफआयवर गेला की सापडत नाही.

अशा चिपमधल्या प्रोग्रामला म्हणतात तो ‘फर्मवेअर’ शब्द तर १९६७ पासून आहे, सॉफ्ट आणि हार्ड यांच्या मधलं म्हणून ‘फर्म’. मोबाइलच्या दुकानात त्यालाच ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ म्हणतात. हे ‘मारणे’ मला फार आवडतं. ‘फॉरमॅट मारला’, ‘विंडोज मारलं’, शिक्का मारावा तसं.

मूळ लेखक :
सगळ्यांचे आभार. ‘जागं होणे’ला घेतलेला आक्षेप मला पटला, तेव्हा ‘बूट होणे’च ठेवू. पायातला बूटही इंग्रजीतूनच आला आणि मराठी झाला. हा दुसराही त्याच बुटातून निघालेला, त्याला परका का मानायचं?

मावशीचं काय झालं ते सांगतो. रविवारी मिरजेला गेलो. बायोस उघडला तर तारीख २००९ ची. घराला रंग द्यायचा म्हणून पंधरा दिवस वायर काढून ठेवली होती. तारीख आणि सेटिंग जपणारा बोर्डावरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, आधीच संपलेला. भिंतीतल्या विजेवर सेटिंग तगून होतं, ते पुसलं गेलं आणि मोड यूईएफआयवर गेला. विंडोज होतं लेगसीचं. नवा सेल घातला, मोड बदलला, तारीख लावली. मावशीला ‘बॅटरी गेली’ ऐवजी ‘सेल गेला’ म्हणायला सांगितलं, कारण बॅटरी म्हटलं की दुकानदार यूपीएसची काढून देतो.

एक शंका उरली. मी ‘बायोस उघडला’ लिहिलं, आमच्याकडे तो पुल्लिंगी. पुण्यातले माझे दोन ग्राहक ‘बायोस उघडलं’ म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?