मदत हवी आहे : जिल्हा अधिवेशनाच्या ठराव समितीत पहिल्यांदाच नाव आलंय

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका. पुढच्या महिन्यात आमच्या संघटनेचं जिल्हा अधिवेशन आहे आणि ठराव समितीत माझं नाव घातलंय. आजवर गेले ती प्रतिनिधी म्हणून. बिल्ला लावायचा, सरचिटणीसांचा अहवाल ऐकायचा, ठरावाला हात वर करायचा, की जेवणाची रांग. २०२३ च्या डिसेंबरातल्या संपात मोर्चेही भरपूर केले, त्यामुळे घोषणा मला कुणी शिकवायला नकोत. पण ठराव लिहायचा कसा?

तालुक्यांतून आलेलं पिशवीभर साहित्य समोर आहे. कुणी वहीचं पान पाठवलंय, कुणी व्हॉट्सॲपवर नुसतं बोलून पाठवलंय. ग्रॅच्युइटी, पेन्शन, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची चेहरा पडताळणी, अंगणवाडीच्या खोलीचं थकलेलं भाडं, आणि एका बीटातून (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांतून) तर ‘पर्यवेक्षिका नीट बोलत नाहीत’ हाही ठराव! समितीतल्या एक ताई म्हणतात, सगळं मिळून एकच मोठा ठराव करू, म्हणजे कुणी रुसणार नाही. मला पटत नाही, पण का ते धड सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे मदतनीस. आपले प्रश्न नेहमी सेविकांच्या ठरावाच्या शेपटाला लागतात असं त्या म्हणतात, आणि खरंच आहे ते. ऑक्टोबर २०१८ पासूनचा केंद्राचा मानधनाचा दर बघा: सेविकेला महिना ४५०० रुपये, मदतनिसाला २२५०. त्यांचा वेगळा ठराव घेतला तर फूट पडल्यासारखं दिसेल का?

जुना_चिटणीस : ताई, तुम्हाला पटत नाही ते योग्यच. ठराव कुणाला उद्देशून आहे हे आधी ठरवा. मानधनाचा दर आणि ट्रॅकर केंद्राकडे, राज्याची वाढ आणि पेन्शन मंत्रालयाकडे, भाडं जिल्हा परिषदेकडे. सगळं एकात कोंबलंत की प्रत्येक जण ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणून हात झटकतो. पर्यवेक्षिकेचं गाऱ्हाणं ठरावात घेऊ नका. ते निवेदन करून प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या, आणि त्या बीटाला तसं आधीच कळवा, नाहीतर सभागृहात उठतील.

ग्रॅच्युइटीबाबत ‘मिळावी ही विनंती’ असं कृपया लिहू नका. गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ ला निकाल दिला, की तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू होतो. मग विनंती कसली? अंमलबजावणी मागा. किमान वेतन आणि पेन्शनच्या ठरावात २०१३ ची ४५ वी भारतीय श्रम परिषद घाला. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, अशी शिफारस तिथे झाली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि संघटना तिघेही बसतात, म्हणून तिला वजन आहे.

माणदेशी : आमच्याकडे मदतनिसांचा वेगळा ठराव झाला आणि काही फूटबीट पडली नाही. युक्ती एवढीच की सूचक, म्हणजे ठराव मांडणारी, मदतनीस आणि अनुमोदक, म्हणजे पाठिंबा देणारी, सेविका. बाकीच्या ठरावांनाही सूचक एका तालुक्याची, अनुमोदक दुसऱ्या. उपसूचना, म्हणजे ठरावात सुचवलेले बदल, लेखीच घ्या आणि त्यासाठी जेवणाच्या सुट्टीपर्यंतची वेळ जाहीर करा. माइकवर तोंडी उपसूचना सुरू झाल्या की संपत नाहीत, आणि लांबच्या बायकांची शेवटची एसटी चुकते.

मी (धागाकर्ती) : दोघांचेही आभार. चिटणीसकाका, कालच तीन गठ्ठे केले. भाड्याचा गठ्ठा सगळ्यात जाड निघाला. ग्रॅच्युइटीचा हा मसुदा बघाल का?

‘सर्वोच्च न्यायालयाच्या २५ एप्रिल २०२२ च्या निकालाची राज्य शासनाने तातडीने अंमलबजावणी करून सर्व अंगणवाडी सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटी द्यावी, अशी मागणी हे अधिवेशन करत आहे.’

जुना_चिटणीस : चांगला आहे. ‘सर्व’च्या पुढे ‘कार्यरत व निवृत्त’ घाला, शिवाय ‘मृत सेविका-मदतनिसांच्या वारसांना’ हेही. नाहीतर निवृत्त झालेल्या ठरावातून सुटतात आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा तोच ठराव मांडावा लागतो. मंजूर झाल्यावर प्रत्येक ठरावाची प्रत अध्यक्षांच्या सहीने ज्याची त्याला पाठवा आणि पोच घेऊन फायलीला लावा. हे काम कुणाकडे, ते समितीच्या बैठकीतच ठरवून घ्या.