घड्याळ पुरेसं नाही

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनचं कौशल्य मोजायला ऑपरेशनला किती वेळ लागला एवढं बघितलं की पुरे, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. घाईघाईत केलेलं कामही लवकर संपतं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या पद्धतीत हातांवर विद्युतचुंबकीय सेन्सर लावून हालचालींची संख्या आणि हात एकूण किती अंतर फिरले तेही मोजतात. पोटावरच्या छिद्रात उपकरण तरफेसारखं फिरतं. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. नवशिक्याची धडपड इथेच आकड्यांत उतरते. सरावलेला हात कमी फिरतो, कमी अडखळतो.

पण पित्ताशय काढताना सेन्सरला पित्तनलिका, म्हणजे पित्त वाहून नेणारी नळी, दिसत नाही! मोजक्या, सफाईदार हालचालींत चुकीची नळी कापली तरी आकडे छानच येतील. म्हणून व्हिडिओ पाहून गुण देणारा अनुभवी सर्जन सोबत हवाच, आणि ऑपरेशन कुणी केलंय हे त्याला कळता कामा नये.