आभाळ भरून आलं की तुमच्या घरात काय होतं? (अनुभव लिहा)

सीनाकाठ
काल संध्याकाळी भुरभुर सुरू झाली आणि लगेच माहेराहून आईचा फोन. "कागदपत्रं माळ्यावर टाकलीत, गुरांची दावी सैल केलीत." पाऊस म्हणावा असा पाऊसही नव्हता. याच अंगणात लहानपणी ढग दिसले की आजी पागोळीखाली पातेली, घमेली, असेल ते मांडायची आणि आम्ही पोरं नाचायचो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीनं माढा, मोहोळ, करमाळ्याकडं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी ओसरलं, पण अण्णा, माझे वडील, अजून पावसात झोपत नाहीत, बॅटरी घेऊन दारात बसतात. आदल्या वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात, उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठाही आटत चालला, तेव्हाही हेच अण्णा रात्रभर जागे. तेव्हा टँकरसाठी. घराचा पंचनामा झाला, पिकाचा झाला, झोपेचा कोण करणार?
तुमच्याकडं असं होतं का, काय करता, लिहा. मला खरंच हवंय.

कडक_भाकरी
आमच्याकडं पण. सर आली की सासूबाई "मोटर बंद कर, मोटर बंद कर" म्हणत राहतात. मोटर पुरातच वाहून गेलीय. आम्ही "केली हो बंद" म्हणतो.

पत्र्याचं_शेड
पुराचं मला माहीत नाही अक्का, आम्ही सोलापूर शहराच्या पूर्व भागातले, आमचं दुखणं ऊन. मार्च लागला की पोटात गोळा येतो. वर पत्रा, पारा ४३-४४ वर, रात्रपाळीला मागावर उभं राहून आलं तरी दिवसा डोळ्याला डोळा नाही. बायको त्याच पत्र्याखाली विड्या वळत बसते. एप्रिल-मेमध्ये घरात भांडण झालं नाही असा दिवस जात नसे. वाटायचं, संसारच बिघडला. मृगाचं गार वारं सुटलं की सगळी पहिल्यासारखी. असं वरचेवर झाल्यावर ध्यानात आलं, माणसं वाईट नाहीत, झोप नाही. आता बोळातल्या सगळ्यांनी मिळून पत्र्यांना चुना मारलाय आणि रात्री बाया-पोरांसकट समाजमंदिराच्या गच्चीवर झोपतो. गप्पा होतात, कुणाच्या घरात काय चाललंय ते कळतं. मला वाटतं चुन्यापेक्षा त्या गप्पांनीच जास्त गार वाटतंय.

कडक_भाकरी
चुना पावसात धुऊन नाही का जात दादा?

पत्र्याचं_शेड
जातो की. होळीच्या सुमारास परत मारायचा. फेव्हिकॉल घातला की जरा टिकतो.

डाळिंबवाला
सांगोला. ऑक्टोबर २०२० चा पाऊस. डाळिंबाचा मृग बहार तोडणीला आलेला, बागेत पाणी, मागोमाग तेल्या रोग. धाकटा भाऊ त्यानंतर बोलायचाच बंद झाला. फोन उचलायचा नाही, बागेकडं पाठ करून बसायचा. घरातले म्हणायचे, दमलाय, राहू दे. मला राहवेना. फवारणीच्या औषधाचे सगळे डबे मी माझ्या घरी आणून कुलपात ठेवले, लागेल तेवढंच काढून द्यायचो. कारण त्याला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. मग सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या घेतल्या, सावकाश माणसात आला. हवामान खात्याचा इशारा आला की अजूनही हात थरथरतात त्याचे. त्या दिवशी मी मुद्दाम जेवायला त्याच्याकडंच जातो.

सीनाकाठ
अण्णांच्या शेडमधले डबे आजच आईला हलवायला सांगते. दादा, फार मोलाचं लिहिलंत.

नन्नजचं_माळरान
पुण्यात अभ्यासाला आहे. घरचे म्हणतात, तुझं काय वाहून गेलं? खरंय, माझं काहीच नाही. पण रात्री दोनला उठून उजनीचा विसर्ग बघते. लांबोटीच्या पुलावर वाहतूक बंद असलेले व्हिडिओ परत परत. २०२१ मध्ये एक अभ्यास आला होता, दहा देशांतली १६ ते २५ वयाची दहा हजार मुलं, भारतातलीही. त्यात ५९ टक्के म्हणाली की हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते. वाचून रडू आलं, आणि हलकंही वाटलं. आता ठरवलंय, पाण्याची बातमी सकाळी एकदाच. बाबाच मेसेज करतात, "उजनी ठीक, तू अभ्यास कर."

बहात्तरचा
१९७२ च्या दुष्काळात मी पोरगा होतो. दुष्काळी कामावर खडी फोडायला अख्खा गाव एका जागी. दुपारी सुकडी, मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी. दुःख होतं, पण ते सगळ्यांचं मिळून होतं. आता प्रत्येकजण आपापल्या खोलीत फोन धरून घाबरतोय. गच्चीवर झोपणाऱ्यांचं मला पटलं.

कडक_भाकरी
काका, माझी आजी त्याच कामावर होती. शेवटपर्यंत उशाशी ज्वारीचं गाठोडं घेऊन झोपायची. सगळ्यांबरोबर असूनही राहतंच काहीतरी आत.

बहात्तरचा
हो बाळ. माझी आईही कण्या फेकू द्यायची नाही.

मालदांडी
मंगळवेढ्याहून. सीनाकाठ ताई, अण्णांचं रान पेरायला आलं का? माती खरवडून गेली असेल तर गाळ भरल्याशिवाय घाई करू नका. घरची मालदांडी ज्वारी ठेवलीय, पायलीभर बी देतो, पैसे नकोत. पण न्यायला अण्णांनाच पाठवा. आमचे वडीलही त्यांच्याच वयाचे, दिवसभर बसू दे दोघांना.

सीनाकाठ
विचारते. माणसांत जायचं म्हटलं की नको म्हणतात, पण बियाण्याला नाही म्हणणार नाहीत.

मेडिकलवाला
उशिरा लिहितोय, दुकानात गर्दी होती. ज्यांच्या घरात मनाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी उन्हाळ्यात जपा. काही गोळ्यांनी घाम कमी येतो, मग अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. लिथियम नावाची मनाची गोळी चालू असेल आणि अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. हात जास्त कापणं, तोल जाणं, उलट्या झाल्या तर ताबडतोब दवाखाना. आणि टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात.

पत्र्याचं_शेड
दादा, वहिनीला झोपेची म्हणून एक गोळी चालू आहे. बिडी कारखान्यात चक्कर येऊन पडली मागच्या मे मध्ये. बंद करावी का?

मेडिकलवाला
आपल्या मनानं बंद करू नका, त्यानं वेगळाच त्रास होतो. पाकीट आणि जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवा, चक्कर आल्याचं नक्की सांगा. तोवर पाणी, ताक भरपूर, आणि दुपारी पत्र्याखाली बसवू नका.

पत्र्याचं_शेड
उद्या सुट्टी आहे, घेऊन जातो.