गॅस शुद्ध करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड: आधी व्हेंटवर मीटर बसवा

खाडीपलीकडचा (चर्चा प्रस्ताव)

विहिरीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड असतोच. कुठे दोन टक्के, कुठे चौदा. तो काढल्याशिवाय पुढचं काही होत नाही. पाइपलाइनमध्ये ओलावा असला की कार्बन डायऑक्साइड पोलाद खातो, आणि एलएनजी (थंड करून द्रव केलेला वायू) करायचा तर उणे १६२ अंशांच्या थंडीत तो गोठून यंत्रं तुंबवतो. म्हणून अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणात तो शोषून घेतात, द्रावण तापवतात आणि सुटलेला वायू बहुतेक ठिकाणी उंच नळीतून (हाच व्हेंट) सरळ हवेत सोडून देतात.

हा नळीतून जाणारा वायू जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो, आणि माझा सगळा मुद्दा याच गोष्टीवर उभा आहे. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातून तो पकडायचा तर खरा खर्च वेगळा करण्याचा. इथे तो खर्च धंद्यासाठी आधीच झालाय. उरलं काय, तर सुकवणं, दाबणं आणि जमिनीत खोल घालणं.

नॉर्वेने हे करून दाखवलं. तिथे १९९१मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर आला. तिथल्या स्लाइपनर या समुद्री क्षेत्राच्या वायूत नऊ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड होता आणि विकण्यासाठी तो अडीच टक्क्यांखाली आणावा लागणार होता. हवेत सोडला तर कर. म्हणून १९९६पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा वालुकाश्मात घालायला लागले, सुरुवातीच्या काळात वर्षाला सुमारे दहा लाख टन. कर नसता तर कुठल्या कंपनीने एवढा खटाटोप केला असता?

भारतात २०२३मध्ये कार्बन क्रेडिट (उत्सर्जन कमी केल्याची प्रमाणपत्रं) व्यापाराची योजना अधिसूचित झाली, पण ती उत्पादनाच्या एककामागच्या उत्सर्जनावर चालते. मला त्याहून साधं हवंय: प्रत्येक व्हेंटवर मीटर, दर महिन्याला जाहीर आकडा आणि हवेत सोडलेल्या टनामागे कंपनीकडून पैसे.

मीठभाकर

ठाम असहमत. यशाचं उदाहरण दिलंत, आता ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन या गॅस प्रकल्पाचं घ्या. तिथल्या मुख्य क्षेत्राच्या वायूत सुमारे १४ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातला ८० टक्के जमिनीत घालू, या अटीवर बॅरो बेटावर प्रकल्पाला परवानगी मिळाली. एलएनजी २०१६मध्ये निघायला लागला, वायू जमिनीत घालणं मात्र ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालं. पुढे खडकातला दाब कमी ठेवण्यासाठी पाणी उपसायच्या विहिरी वाळूने तुंबल्या. पहिल्या पाच वर्षांची तूट ५२ लाख टनांच्या वर गेली आणि ती भरून काढायला कंपनीला क्रेडिट विकत घ्यावी लागली. या तुटीपायी गॅसची विक्री मात्र थांबवावी लागली नाही.

आणि साधं रसायनशास्त्र बघा. विहिरीतल्या शंभर रेणूंपैकी १४ कार्बन डायऑक्साइडचे आणि बाकीचे ८६ मिथेनचे धरा. ते ८६ कुणाच्या तरी बॉयलरमध्ये जळले की ८६ कार्बन डायऑक्साइडच होतात. १४ पुरायचे आणि ८६ विकायचे, याला 'उत्सर्जन कमी केलं' म्हणायला माझी तयारी नाही. अशा योजनांमुळे नवीन वायूक्षेत्रांना नैतिक परवाना मिळतो, हे माझं मुख्य दुखणं आहे.

पॅनेलवाला

मी गॅस प्लांटमध्ये काम करतो, म्हणून फक्त मीटरबद्दल लिहितो. 'मीटर बसवा' म्हणणं सोपं आहे. अमाइन रिजनरेटरच्या (द्रावण तापवून वायू सोडवायच्या मनोऱ्याच्या) माथ्यावरून येणारा वायू पाण्याच्या वाफेने संपृक्त असतो आणि दाब जेमतेम. ओरिफिस प्लेट (प्रवाह मोजायची भोकाची चकती) लावली तर दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांत पाणी साचतं आणि रीडिंग हळूहळू सरकत जातं. फिटरने नळ्या ड्रेन केल्या की एकदम उडी मारतं. कंट्रोल रूमच्या पॅनेलवर दिसताना मात्र दोन्ही आकडे सारखेच रुबाबदार.

म्हणून पुष्कळ ठिकाणी हिशोब करतात: आत किती आला, विकलेल्या वायूत किती राहिला, वजाबाकी म्हणजे व्हेंट. यात सगळा भार सॅम्पलवर. दिवसाला एक कोटी घनमीटर वायू आणि त्यात पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असेल, तर तो दिवसाला नऊशे टनांच्या वर होतो. लॅबचा जुना रिपोर्ट धरून पाचाऐवजी चार टक्के भरले, तर रोज १८० टनांहून जास्त वायू कागदावरून गायब. कुणी लबाडी केलेली नसते, सॅम्पल जुना असतो एवढंच.

माझा आग्रह असा, की मीटर आणि वजाबाकी दोन्ही ठेवा आणि दोघांतला फरक जाहीर करा.

खाडीपलीकडचा

पॅनेलवाला, फरक जाहीर करण्याची सूचना मी प्रस्तावात घेतो. यापेक्षा नेमकं कलम मला सुचलं नसतं.

मीठभाकर, ८६चा हिशोब मला मान्य आहे. पण गॅस आज बंद होत नाहीये. खतासाठी हवाय, शहरांत पाइपने येतोय. तोवर ते १४ हवेत का सोडायचे? गॉर्गनमध्ये अट होती, पण ती मोडल्यावर विहीर बंद करण्याची तरतूद नव्हती. दोष अटीच्या कमकुवतपणाचा आहे.

सातबारा

खताचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया करताना हाच वायू वेगळा काढतात आणि युरियासाठी वापरतात. टनभर युरियात साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइड जातो. मग जमिनीत पुरायची गरज काय? वापरा की.

मीठभाकर

सातबारा, तुम्ही शेतात युरिया टाकलात की ओलाव्यात काही दिवसांतच तो फुटतो आणि तो पाऊण टन परत हवेत. याला साठवण म्हणता येत नाही. खताला लागणारा वायू खताला वापरा, पण उत्सर्जनाच्या खात्यातून तो वजा करू नका.

खाडीपलीकडचा, तुमच्या लाडक्या स्लाइपनरबद्दलही एक गोष्ट. सदोष मीटरमुळे तिथे काही वर्षं जमिनीत घातलेल्या वायूचे आकडे जास्त दाखवले गेले आणि कंपनीला ते दुरुस्त करावे लागले. नॉर्वेसारख्या देशात, कर असताना, हे होतं.

पॅनेलवाला

होतं, आणि दुरुस्तही होतं, कारण तिथे आकडा कुणाला तरी द्यावा लागतो. अल्जीरियात इन सालाह वायूक्षेत्रात २००४ ते २०११ या काळात ३८ लाख टनांच्या आसपास वायू जमिनीत घातला. वरचं वाळवंट वर्षाला काही मिलिमीटर उचललं जातंय हे उपग्रहाच्या रडारने टिपलं. खडकावर दाबाचा ताण येतोय अशी शंका आल्यावर काम थांबवलं. देखरेख चोख असली की थांबायचा निर्णय वेळेत घेता येतो.

आणखी एक. रिजनरेटर तापवायला वाफ लागते, कंप्रेसरला टर्बाइन लागतं, दोन्हींत गॅसच जळतो. फक्त व्हेंटचा आकडा मागाल तर हा धूर सुटून जाईल. विझलेल्या फ्लेअरमधून (नको असलेला गॅस जाळायच्या नळीतून) जाणारा मिथेनही त्यातच धरा, वीस वर्षांच्या हिशोबात तो ऐंशीपट तापवतो.

मीठभाकर

हे सगळं एका तक्त्यात येणार असेल तर मीटरला माझा विरोध नाही. पण मग दोन अटी माझ्याही लिहून घ्या. मीटरचं कॅलिब्रेशन (तो बरोबर आकडा दाखवतो ना, याची तपासणी) कंपनीने नेमलेल्या माणसाकडे नको. आणि जमिनीत घालायचं यंत्र बंद पडलं तर तीस दिवसांनंतर त्या प्रमाणात उत्पादनही खाली आलं पाहिजे, क्रेडिट विकत घेऊन सुटका नाही. खाडीपलीकडचा, दुसरी अट मान्य आहे का ते स्पष्ट सांगा.

खाडीपलीकडचा

पहिली पूर्ण मान्य. दुसरीत तीसऐवजी नव्वद दिवस. कंप्रेसरचा मोठा सुटा भाग मागवून बसवायला तेवढा वेळ खरंच लागतो.

मीठभाकर

नव्वद नाही. सुटा भाग गोदामात आधीच ठेवावा.