अनुभव धागा : सनद मिळाली, आता कोणाकडे बसायचे?

निशाणी_पाच
गेल्या आठवड्यात भाचीला वकिलीची सनद मिळाली. पेढे देता देताच तिने विचारले, "मामा, आता मी कोणाकडे बसू?" म्हणजे कोणत्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली ज्युनियर म्हणून काम शिकू? या एका प्रश्नाने मला माझे पहिले वर्ष आठवले, म्हणून हा धागा काढत आहे.

तिला नोंदणीसाठी ७५० रुपये लागले. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अधिवक्ता अधिनियमात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे राज्यांच्या बार कौन्सिलना बजावले. त्याआधी ओडिशात हाच आकडा ४२,००० रुपयांच्या वर गेला होता. सनद स्वस्त झाली हे चांगलेच झाले, परंतु ती हातात आल्यावर पुढची दोन-तीन वर्षे जगायचे कशावर, याचे उत्तर कोणत्याही निकालात नाही.

माझी सुरुवात पुण्याला शिवाजीनगरच्या न्यायालयात झाली. वडील एसटीत वाहक होते आणि ओळखीचा एकही वकील नव्हता. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, ज्यांची प्रकरणे जास्त दिसत, त्या ज्येष्ठांना बाररूममध्ये गाठून विचारायचे, एवढाच माझा हिशेब होता. बहुतेकांनी "ज्युनियर पुष्कळ आहेत" असे सांगितले. एकांनी "उद्यापासून या, पैशांचे नंतर बघू" असे म्हटले आणि ते "नंतर" बरेच लांबले. तारखा घेणे, नकलेचे अर्ज देणे, रोजनामा (त्या दिवशी न्यायालयात काय झाले याची नोंद) पाहून येणे, पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) लिहिणे या कामांतून मी जे शिकलो ते महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते, हे खरे आहे. पण ते फुकट शिकणे मला परवडले ते आई शिवणकाम करत होती म्हणून, हेही तितकेच खरे आहे.

पहिले काम कसे मिळाले आणि पैसे कधी सुरू झाले, ते सर्वांनी लिहावे. उपदेश शक्यतो नको, तो तिला घरात भरपूर मिळतो.

सातबारा
आमच्या सरांनी मुलाखत अशी घेतलीच नाही. एक जुना फेरफार पुढे टाकला आणि "वाच" म्हणाले. मी वाचला आणि थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असे लिहिले आहे, म्हणजे तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून लागलेला आहे, एकटा मालक नव्हे, त्यामुळे बहिणींचा हिस्सा बुडत नाही, असे सांगितले. हे मला कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, तर आमच्याच भाऊबंदकीतून ठाऊक होते. सर हसले आणि दुसऱ्या दिवशी मला वाटपाच्या दाव्याची फाईल मिळाली.

तालुक्याला बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपण पाच वर्षे इंग्रजीतून शिकतो, आणि जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मात्र १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. दावा, कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर), तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, सरतपासाचे (आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीचे) शपथपत्र हे सर्व नेटक्या मराठीत लिहिता येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कोणताही सिनियर परत पाठवत नाही. आमच्याकडे पगार नव्हता, पण सर ज्या प्रकरणात उभे करत त्या पक्षकाराकडून त्याच दिवशी काहीतरी देववत. ती सवय मीही ठेवली आहे.

पान_क्रमांक_टाका
माझे पहिले काम याचिकेचे पाच संच झेरॉक्स करून प्रत्येक पानावर क्रमांक घालणे हे होते, आणि तेव्हापासून माझे हे सदस्यनाम आहे.

फोर्ट_ते_कल्याण
@पान_क्रमांक_टाका, तुमचे दुःख मी समजू शकते, कारण मी अनुक्रमणिका करत असे.

मुंबईचा हिशेब निराळा आहे. मोठ्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांमधून थेट निवड करतात. आमच्यासारख्या साध्या महाविद्यालयातून आलेल्यांना आत शिरण्याची वाट इंटर्नशिपमधून जाते. मी शेवटच्या वर्षी एका लहान फर्ममध्ये इंटर्न होते आणि निकाल लागला त्या महिन्यात त्यांनीच थांबायला सांगितले. काम मुख्यतः टायटल सर्चचे, म्हणजे मालमत्तेची मालकी तपासण्याचे होते : दुय्यम निबंधकाकडे जाऊन तीस वर्षांच्या सूची क्रमांक २ च्या, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या, नोंदी चाळायच्या आणि अहवाल लिहायचा. पगार वेळेवर होत असे, पण न्यायालयाची पायरी महिनोन्‌महिने चढायला मिळत नसे. माझी मैत्रीण उच्च न्यायालयातील एका काउन्सेलच्या, म्हणजे न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाच्या, चेंबरमध्ये बसली. तिला रोज युक्तिवाद ऐकायला मिळत, आणि महिनाअखेरीस लोकलचा पास मी काढून देत असे. कोणाचे बरे चालले होते, हे आम्हाला दोघींनाही सांगता येत नसे.

मुंबईत आणखी एक वाट आहे, तिचे नाव बाहेरगावच्या मुलांना फारसे ठाऊक नसते. सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे आर्टिकलशिप (उमेदवारी) करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. परीक्षा अवघड आहे, पण दस्तऐवजांच्या कामात त्या नावाला अजूनही मान आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बाररूममध्ये त्यावर एक दिवस जोरदार चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशी सर्व जण आपापल्या बोर्डाकडे वळले.

स्थगित_सनद
माझ्या घरी थांबण्याइतकी सवड नव्हती. वडिलांचे आजारपण सुरू होते, म्हणून मी एका वित्तसंस्थेच्या विधी विभागात नोकरी धरली. पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, त्यामुळे सनद स्थगित ठेवावी लागली. दिवसभर कलम १३८ च्या, म्हणजे न वटलेल्या धनादेशांच्या, नोटिसा तयार करायच्या आणि बाहेरच्या वकिलांना कागद पुरवायचे, असे काम होते. त्या पगारावर घर उभे राहिले, याबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि माझी कंपनीतली वर्षे त्यात धरली जाणार नाहीत. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच ती तीन वर्षे निवांत काढता येतील, असे मला वाटते. अनुभवी न्यायाधीश हवेत हे मान्य आहे. पण अनुभवाच्या काळात जेवायचे काय, हा प्रश्नही त्याच निकालाच्या शेजारी ठेवायला हवा.

निशाणी_पाच
@स्थगित_सनद ताई, तुम्ही लिहिलेले अगदी पटले. भाचीच्या बाबतीतही आम्ही याच आकडेमोडीत आहोत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयाची (गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) माहिती काढली आहे का? तेथे सहायक पदासाठी नवख्या वकिलांचाही विचार होतो, मानधन ठरलेले असते आणि रोज प्रत्यक्ष फौजदारी न्यायालयात उभे राहायला मिळते. अट एवढीच की खासगी प्रकरणे घेता येत नाहीत.

मांडवीकाठ
पुण्यात शिकून मी मडगावला परतलो, तेव्हा हिंदू उत्तराधिकार अधिनियम मला तोंडपाठ होता आणि त्याचा येथे काहीच उपयोग नव्हता. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे, लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते आणि वारसांमधली वाटणी "इन्व्हेंटरी"च्या कामकाजातून होते. आता त्यासाठी २०१२ चा राज्याचा कायदा आहे. आमच्या वृद्ध सरांना पोर्तुगीज दस्त वाचता येत असत. ते वाचून सांगत आणि मी लिहून घेत असे, हीच माझी पहिली नोकरी. सर दर शनिवारी पाकीट देत आणि दुपारचे जेवण त्यांच्याकडेच होत असे.

पंचगंगा
कोल्हापूरकरांसाठी चित्र बदलले आहे. पूर्वी उच्च न्यायालयाचे काम शिकायचे तर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे, आणि तिथे खोलीचे भाडे ऐकूनच मुले परत येत. ऑगस्ट २०२५ मध्ये येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणे येऊ लागली. इंग्रजीत रिट याचिका लिहू शकणाऱ्या ज्युनियरची आता आमच्या कार्यालयालाही गरज आहे.

निवृत्त_शिरस्तेदार
मी वकील नाही, टेबलाच्या पलीकडे, न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी केली. कोणाकडे बसायचे हे ठरवण्यापूर्वी भाचीने आठवडाभर न्यायालयात मागच्या बाकावर बसावे. जे सिनियर स्वतः उलटतपास घेतात आणि ज्युनियरला शेजारी उभे करतात ते कोण, आणि जे फक्त तारीख मागायला ज्युनियरला पाठवतात ते कोण, हे तिला आपोआप दिसेल. (हा उपदेश झाला, पण वयामुळे चालवून घ्यावा.)

कलम_बदलले
मी इंडियन पीनल कोड पाठ करून शेवटच्या परीक्षेला बसलो आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. एक फायदा असा झाला की सिनियरनाही नवी कलमे शोधावी लागत होती आणि ३०२ चे १०३ झाले, हे सांगायला मी उपयोगी पडलो. माझी नोकरी त्यावरच टिकली.

एक शंका आहे. न्यायाधीशपदासाठीची ती तीन वर्षे कधीपासून मोजतात, सनदेपासून की अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून?

फोर्ट_ते_कल्याण
तात्पुरत्या, म्हणजे बार परीक्षेआधीच्या, नोंदणीच्या तारखेपासून. मे २०२५ च्या त्या निकालात तसे स्पष्ट म्हटले आहे. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून काढलेला काळही धरला जातो.

नवी_वकील_सांगली
मी यंदाच उत्तीर्ण झाले आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग येते, दिवाणी कामाची आवड आहे आणि रोज कोल्हापूरला ये-जा करण्याची तयारी आहे. पंचगंगा सर, आपल्याकडे जागा असल्यास कळवावे.

पंचगंगा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहावा. येताना स्वतः लिहिलेला एखादा मसुदा आणावा. गुणपत्रिका नाही आणली तरी चालेल.