मदत हवी आहे: बाबांना किडनीच्या डॉक्टरांकडे आत्ताच न्यावं का?

बाबा ६८ वर्षांचे, जुना मधुमेह, बीपीची गोळी चालू. परवाच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) १.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३८ आलाय. लघवीला फेस येतो, संध्याकाळी घोट्यावर मोज्यांचे वळ उमटतात. फॅमिली डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी बघू. ईजीएफआर ३०च्या खाली गेला की नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) हवाच, हे वाचलंय. पण लघवीतून प्रथिनं जात असतील तर तोवर थांबायचं कशाला? एसीआर, म्हणजे लघवीतल्या प्रथिनांची तपासणी तर अजून झालेलीच नाही. शेजारचे काका यूरॉलॉजिस्ट सुचवतात, पण ते मुतखडा, प्रोस्टेटचे सर्जन ना? गुडघ्यांसाठीची डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी किडनीला त्रासदायक, म्हणून मी बंद करायला लावलीय. तुमच्यापैकी कुणी या टप्प्यावर दाखवलंय का? पहिल्या भेटीआधी सोनोग्राफी करून घ्यावी का? जुने रिपोर्ट किती वर्षांचे न्यावेत? प्लीज सांगा, फार काळजी वाटतेय.