पाच वर्षांचा फोन चालतोय, तरी बदलायचा का?

शिवारवाट (माण, जि. सातारा)

जुलै २०२०. शाळा बंद, धाकटीचे आठवीचे तास मोबाईलवर. त्यासाठी साडेअकरा हजारांचा फोन घेतला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता, ते साडेअकरा हजार त्यामुळे जास्तच जड गेले. धाकटी आता कॉलेजात आहे, तिला वेगळा फोन आहे. हा माझ्या खिशात आला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या वर्षी त्या किमतीत आलेले बरेच फोन याच ठेवणीचे होते. साडेसहा इंची एलसीडी पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ५००० एमएएचची बॅटरी, प्लास्टिकची पाठ, इअरफोनची गोल पिन, दोन सिम घालूनही मेमरी कार्डाला वेगळं घर, आणि एफएम.

मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला येताना नवा आणतो म्हणतोय. मी नको म्हणतोय, आणि घरात यावरून रोज बोलणं होतं. म्हणून इथे मांडतोय.

आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलो की टॉर्च, एफएम आणि मोटरच्या ऑटो स्टार्टरला कॉल, एवढं या फोनवर रात्रभर चालतं आणि सकाळी बॅटरी निम्मी उरलेली असते. ओढ्याच्या बाजूला रेंज जाते, पण आकाशवाणी लागते. इअरफोनची वायरच अँटेना असते, ती गोल पिन नसेल तर एफएमही गेलं. विहिरीच्या काठावरून, बैलगाडीतून, मोटरसायकलवरून किती वेळा पडला सांगता येणार नाही. प्लास्टिकला ओरखडे आले, तडा नाही. दोन वर्षांपूर्वी साडेसातशे रुपयांत बॅटरी बदलली आणि फोन पुन्हा उभा राहिला.

उणिवाही सांगतो. दुपारी उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, गमछा डोक्यावर घेऊन त्याच्या सावलीत बघावं लागतं. ई-पीक पाहणीला, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद करायला, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो लोकेशनसकट काढावा लागतो, त्यात हा फोन दोन-तीनदा हँग होतो. फोटो नीट गेला नाही तर सातबाऱ्यातल्या बाराच्या नमुन्यात पीक लागत नाही, आणि पीक लागलं नाही तर भरपाईच्या वेळी हात चोळत बसायचं, म्हणून हा त्रास लहान नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांनी जागा भरते. पाठ कॅमेऱ्याच्या बाजूने जराशी सुटली आहे, तिथे रबर लावलंय. सुरक्षेचा अपडेट जानेवारी २०२३ नंतर आलेला नाही.

एवढ्यासाठी चालता फोन टाकायचा का?

ओंकार_ठाणे

काका, तुम्ही अगदी शेवटी अपडेटचं जे वाक्य लिहिलंत तेच या धाग्याचं पहिलं वाक्य असायला हवं होतं.

माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी गूगल साधारण दर महिन्याला उघडपणे जाहीर करतं. अशी त्रुटी म्हणजे चोराला उघडी खिडकी. ज्या फोनला दुरुस्ती पोचते त्याची खिडकी बंद होते. ज्याला पोचत नाही त्याची खिडकी उघडी आहे हे मात्र त्या यादीमुळे साऱ्या जगाला कळतं. तुमच्या फोनच्या अशा अडीच वर्षांहून जास्त काळाच्या खिडक्या उघड्या आहेत. त्याच फोनमध्ये बँकेचं ॲप, त्यातच यूपीआय, आणि ओटीपी येतो ते सिमही त्यातच. टॉर्च चांगली लागते हे मान्य, पण ती तुलना या गोष्टीशी होऊ शकत नाही. बदला.

शिवारवाट

ओंकारराव, तुमचा मुद्दा कळला, पण आमच्या गावात गेल्या वर्षी दोघांचे पैसे गेले, त्या दोघांचेही फोन नवे होते. पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) ग्रुपवर आली, हप्ता अडकलाय म्हणून लिहिलं होतं. उघडली, विचारेल तिथे ‘अलाऊ’ दाबलं, झालं. चोर खिडकीतून आलाच नाही, आपण दार उघडून आत घेतला. मी असली फाइल कधी उघडत नाही. मग जुन्या फोनचा दोष किती आणि हाताचा किती?

ओंकार_ठाणे

हाताचा दोष मोठा, हे खरं. पण फोन तो हात थोडा अडवू शकतो. या फसवणुकीतल्या बऱ्याच ॲपना ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी हवी असते. दृष्टी कमी असलेल्यांना फोन वापरता यावा म्हणून केलेली ती सोय आहे. ती एकदा मिळाली की ॲप पडद्यावरचं वाचतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबतं. अँड्रॉइड १३ पासून, बाहेरून आलेली फाइल टाकून बसवलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. मध्ये अडसर येतो. तो हटवता येतो, पण तेवढ्यात माणूस थबकतो, कुणाला तरी विचारतो. तुमचा फोन २०२० चा म्हणजे १० किंवा ११ वर अडकला असणार. तिथे हा अडसर नाही.

तुमच्या बाजूचंही सांगतो. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी गूगलची सोय, जुन्या फोनवरही चालतं, आणि अँड्रॉइड १० पासून यंत्रणेचे काही भाग कंपनीची वाट न बघता प्ले स्टोअरमार्गे अपडेट होऊ शकतात. म्हणजे फोन अगदीच उघड्यावर नाही. पण मॉडेम (नेटवर्कचा भाग), चिप, कर्नल (यंत्रणेचा गाभा) यांच्या त्रुटी त्या वाटेने भरून निघत नाहीत.

आणि गावातल्या त्या दोघांसारखं कुणाचं झालं तर आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगा. बँकेत दुसऱ्या दिवशी जाऊन बसण्यापेक्षा पहिल्या तासात केलेली तक्रार जास्त उपयोगी पडते.

वैशाली_बार्शी

मी दिवसभर वस्त्यांवर फिरून माहिती भरण्याचं काम करते. दादांसारखाच फोन होता, तोही २०२० चा. मागच्या वर्षी बदलला. सुरक्षेचा विचारही मनात नव्हता, वेळेमुळे बदलला. एक फॉर्म उघडायला जुना फोन इतका वेळ घ्यायचा की समोरची बाई चुलीवरचं बघून परत यायची. दिवसाला पंचवीस घरं केली तर तेवढ्यात तास जायचा. तो तास माझ्या पगारात कुणी धरत नाही. नव्या फोनचा पडदा उन्हात स्वच्छ दिसतो, फक्त एवढ्या एका गोष्टीसाठीही मी पैसे दिले असते.

पण दादा, ज्याच्यासाठी तुम्ही अडून बसलात ते सगळं माझ्या हातून गेलं, हेही खरं. कार्डाचं घर नाही. गोल पिन नाही. एफएम नाही. पाठ काचेची आहे, म्हणून वर जाड कव्हर, आणि कव्हर घातल्यावर फोन खिशात मावत नाही. ५जी आहे म्हणून दुकानदाराने किंमत वाढवून सांगितली. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, माझ्या अर्ध्या वस्त्यांवर आजही ४जीच धड लागत नाही.

तरी परत मागे जाणार नाही. ई-पीक पाहणीसाठी तुम्ही बांधावर तीनदा उभे राहता, त्याचा हिशेब करा.

शिवारवाट

ताई, तो हिशेब केला. हंगामाला एकदा, फार तर दोनदा तो त्रास होतो. तुमचं रोजचं आहे. तुमच्या जागी मी असतो तर बदललाच असता.

मूळचा_कराडचा (सध्या श्टुटगार्ट)

मी काकांच्या बाजूने आहे, पण माझा राग वेगळ्या जागी आहे. या फोनची पाठ शाबूत, बॅटरी बदलता आली, रेंज पकडतो, कॅमेरा चालतो. यंत्र म्हातारं झालेलं नाही. सॉफ्टवेअर द्यायचं थांबवून त्याला म्हातारं ठरवलंय.

इकडे युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्या तारखेनंतर बाजारात येणाऱ्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, सात वर्षं सुटे भाग ठेवायचे, आणि बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, पण अपडेटची अशी सक्ती नाही. सात वर्षांचं वचन देणारे फोन आले, गूगलचा २०२३ चा पिक्सेल ८, सॅमसंगचा २०२४ चा गॅलेक्सी एस२४. ते किती जणांना परवडतात? साडेअकरा हजारांचा फोन घेणारा माणूस तो सगळ्यात जास्त वर्षं वापरतो, आणि त्यालाच सगळ्यात कमी वर्षांचे अपडेट मिळतात. हे मला सहन होत नाही.

ओंकार_ठाणे

राग योग्य आहे, पण नियम येईपर्यंत काकांचे पैसे कुठे ठेवायचे ते सांगा. मी तेच विचारतोय.

शिवारवाट

ओंकारराव, तुमचं ऐकून आज बँकेचं ॲप काढलं. यूपीआयचं काय करू? खताच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे तेच चालतं.

ओंकार_ठाणे

यूपीआय ज्या खात्याचं, त्या खात्याला जोडलेला नंबर त्याच फोनमध्ये लागतो. म्हणून एक वेगळं खातं काढा, त्याला तुमच्या दुसऱ्या सिमचा नंबर द्या, आणि त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवू नका. मुख्य खात्याचा नंबर साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला आणि तो फोन घरी ठेवा. हे मी तात्पुरतं सांगतोय. मत बदललेलं नाही. मुलाला फोन आणू द्या, फक्त घेताना कॅमेऱ्याआधी ‘अपडेट किती वर्षं’ हे विचारायला सांगा.

वैशाली_बार्शी

दोन फोन सांभाळायचे, दोन रिचार्ज भरायचे, हे सांगायला सोपं आहे. घरी ठेवलेल्या फोनवर ओटीपी येणार आणि दादा शिवारात. मग वहिनींना फोन करून आकडे विचारणार? ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून आपणच शिकवतो ना?

दुरुस्तीवाला_मिरज

धागा आत्ता वाचला. चौदा वर्षं दुकान आहे. एरवी मी शिवारवाट भाऊंच्याच बाजूने बोललो असतो, असे फोन मी रोज उघडतो आणि आतलं बोर्ड ठणठणीत असतं. कॉम्बो (काचेसकट पडदा), चार्जिंग पिन सगळं बदलून मिळतं.

पण भाऊ, तुम्ही पाठ सुटल्याचं आणि रबर लावल्याचं लिहिलंय, ते सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. दोन वर्षांपूर्वी साडेसातशेत टाकलेली बॅटरी कंपनीची असण्याची शक्यता फार कमी. या मॉडेलांच्या अस्सल बॅटऱ्या तेव्हाच मिळेनाशा झाल्या होत्या. त्यात फोन उन्हात, मोटरसायकलवर. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, आत वायू धरतो, ती फुगते आणि पाठ आतून ढकलते. माझ्याकडे सुटलेली पाठ घेऊन येणाऱ्या दहातल्या आठांची बॅटरी फुगलेली निघते. तुम्ही रबर लावून तिलाच दाबताय.

रबर काढा. फोन सपाट फरशीवर पाठ खाली करून ठेवून बघा, पाठ मध्ये फुगीर आहे का, फोन डुलतो का. दाबून बसवायला जाऊ नका, टोकदार काही घालू नका. फुगीर असेल तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि आज रात्री उशाशी तर अजिबात नको. अपडेटचं आणि खात्याचं उद्या बघता येईल.

शिवारवाट

आत्ता बघितलं. फरशीवर ठेवला की गोल फिरतो. बंद करून अंगणात, गोठ्यापासून लांब दगडावर ठेवलाय. हे मुलीच्या फोनवरून लिहितोय. उद्या दहिवडीला जातो. दुकानात बॅटरी घेताना ती चांगली आहे हे कशावरून ओळखायचं, तेवढं सांगा.